सर्वांना विचारला जाणारा एक प्रश्न

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने, म्हणजे एनएचएसने, ऑक्टोबर २०१७ मध्ये एक माहितीमानक, म्हणजे रुग्णाविषयीची माहिती कशी विचारावी आणि नोंदवावी याचा ठरावीक नमुना, प्रसिद्ध केले. वयाची १६ वर्षे पूर्ण झालेला रुग्ण समोर आला आणि त्याच्या नोंदीत ही माहिती आधीपासून नसेल, तर त्याला त्याचा लैंगिक कल विचारावा, अशी शिफारस त्यात आरोग्यसेवा देणाऱ्या आणि प्रौढांची देखभाल करणाऱ्या संस्थांना केलेली होती. प्रश्नाचे शब्दही ठरवून दिले होते: तुम्ही स्वतःकडे ज्या नजरेने पाहता, तिच्याशी पुढीलपैकी कोणते वर्णन सर्वांत जास्त जुळते? त्याखाली भिन्नलिंगी, समलिंगी, उभयलैंगिक आणि यादीत नसलेला अन्य कल असे पर्याय होते. ज्याला नक्की सांगता येत नाही त्याच्यासाठी एक पर्याय होता आणि ज्याला सांगायचे नाही त्याच्यासाठीही एक होता. उत्तर देण्याची सक्ती कोणावरही नव्हती. हे मानक घडवण्यात समलिंगी, उभयलैंगिक आणि ट्रान्स व्यक्तींसाठी काम करणाऱ्या मँचेस्टरच्या एलजीबीटी फाउंडेशन या संस्थेचा मोठा वाटा होता, आणि मी त्याच परिसरातील एका जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात प्रॅक्टिस नर्स असल्यामुळे हा विषय आमच्या दारात लवकर येऊन ठेपला. पुढे जे लिहिले आहे त्यात रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

माझे नर्सिंगचे शिक्षण मिरजेत झाले. तिथे शिकत असताना रुग्णाच्या लैंगिक आयुष्याविषयी नेमके प्रश्न विचारले जात ते एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, आणि तेही संसर्गाची जोखीम किती हे ठरवण्यासाठी. इतर वॉर्डांत केसपेपरवर विवाहित की अविवाहित एवढे लिहिले की माणसाच्या नात्यांविषयी सारे काही कळले, असे धरले जाई. अशा वातावरणात तयार झालेल्या मनाला हा प्रश्न म्हणजे संशय वाटतो, आणि इथल्या माझ्या इंग्रज सहकाऱ्यांनाही तो निराळ्या कारणांनी तसाच वाटत होता.

दवाखान्याच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा झालेला विरोध मनापासूनचा होता, आणि तो हलका मानण्यासारखा नव्हता. स्वागतकक्षात बसणाऱ्या बाईंचे म्हणणे असे की मागे रांग उभी असताना हे काउंटरवर विचारायचे कसे. एका डॉक्टरांचा हिशेब सरळ होता: एका रुग्णाला दहा मिनिटे मिळतात, घसा दुखतो म्हणून आलेल्या माणसाच्या उपचारात या उत्तराने काहीही बदलत नाही, आणि ज्या माहितीचा उपयोग नाही ती मागू नये असे आपण स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवतो. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतही बरीच टीका चालू होती आणि काही डॉक्टरांनी हे खाजगीपणावरचे अतिक्रमण असल्याचे उघडपणे म्हटले होते. उलट बाजूने कायद्याचा दाखला दिला गेला. २०१० च्या समता कायद्यात ज्या नऊ बाबींवरून भेदभाव करण्यास मनाई आहे त्यांत लैंगिक कल ही एक आहे, आणि सार्वजनिक संस्थांनी या बाबतीत आपली सेवा समान पोहोचते की नाही हे पाहणे अपेक्षित आहे. विचारलेच नाही तर ते पाहणार कसे, असा तो युक्तिवाद होता. कायद्याने कोणाचे मन वळले असे मला दिसले नाही.

चर्चेची दिशा बदलली ती अमेरिकेतल्या एका अभ्यासामुळे. आपत्कालीन विभागांविषयीचा हा अभ्यास २०१७ सालीच प्रसिद्ध झाला होता. रुग्ण या प्रश्नाचे उत्तर देण्यास नकार देतील, असे त्यातील सुमारे ७८ टक्के डॉक्टर-नर्सना वाटत होते. प्रत्यक्षात आपण नकार देऊ असे सांगणारे रुग्ण साधारण १० टक्केच निघाले. म्हणजे संकोच होता तो मुख्यतः आमच्या बाजूचा, आणि तो आम्ही रुग्णांच्या नावावर टाकत होतो. त्याच संशोधकांच्या पुढच्या कामात असेही दिसले की समलिंगी आणि उभयलैंगिक रुग्णांना तोंडी प्रश्नापेक्षा कागदावर उत्तर भरणे अधिक सोयीचे वाटते. आमच्या स्वागतकक्षातल्या बाईंच्या शंकेचे उत्तर त्यातच होते. नंतर २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये हा प्रश्न पहिल्यांदाच ऐच्छिक म्हणून विचारला गेला, तेव्हा १६ वर्षांवरील केवळ ७.५ टक्के लोकांनी तो सोडून दिला. ३.२ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे पंधरा लाख माणसांनी, आपण भिन्नलिंगी नसल्याचे नोंदवले.

आम्ही शेवटी जी पद्धत बसवली ती अशी. नवीन रुग्ण नोंदणीसाठी आला की वंश, मातृभाषा, धूम्रपान, घरी कोणाची शुश्रूषा करता का, या प्रश्नांच्या ओळीतच हाही प्रश्न छापील स्वरूपात येतो, आणि ही माहिती का मागितली जाते व ती कोण पाहू शकते हे त्याखाली दोन वाक्यांत सांगितलेले असते. स्वागतकक्षात तो मोठ्याने वाचला जात नाही. जुन्या रुग्णांपैकी ज्यांची नोंद नाही त्यांना तो बंद खोलीत, बहुतेक वेळा माझ्यासारखी नर्स, एखाद्या नियमित तपासणीच्या वेळी विचारते. हे तोंडी विचारणे शिकावे लागते. त्याचे शब्द मी आणि माझ्या सहकारी नर्सने एकमेकींसमोर बसून अनेकदा म्हणून पाहिले. प्रश्नाआधी ‘आम्ही हे सगळ्यांनाच विचारतो’ हे वाक्य यावे, उत्तर टाळता येते हे प्रश्नाबरोबरच सांगावे, आणि रक्तदाब मोजताना ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात बोलावे. आवाज खाली आणला की प्रश्नाला लाज चिकटते आणि ती समोरच्या माणसाकडे जाते, हे मी दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा या सरावात जास्त शिकले.

नोंदींचा एक बारकावा इथे सांगायला हवा, कारण सारे काम त्यावर अवलंबून आहे. मानकात ‘विचारले, पण सांगितले नाही’ आणि ‘विचारलेलेच नाही’ यांना वेगवेगळे संकेतांक (कोड) आहेत. पहिला रुग्णाचा निर्णय आहे, दुसरी आमची उणीव आहे. काही महिन्यांनी आम्ही नोंदी चाळल्या तेव्हा वयस्कर रुग्णांच्या आणि लग्न झालेल्यांच्या नावापुढे ‘भिन्नलिंगी’ असे भरलेले बरेच आढळले, आणि विचारपूस केल्यावर कळले की ते गृहीत धरून भरले गेले होते. भरणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. आजीबाईंना असे विचारून अवघडून टाकू नये एवढाच विचार होता. परंतु हा प्रश्न ज्या समजुतीमुळे गरजेचा ठरला तीच समजूत अशा रीतीने पुन्हा नोंदीत शिरते, आणि एकदा छापील अक्षरात आली की तिच्यावर कोणी शंका घेत नाही. त्या सर्व नोंदी आम्ही पुसल्या आणि पुन्हा विचारायला घेतल्या.

आता त्या डॉक्टरांच्या आक्षेपाकडे येते, कारण तो मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या उत्तराने उपचारात काय बदलते? घसादुखीत काहीच बदलत नाही, हे खरे आहे. माझ्या टेबलावर मात्र बदलते, आणि सर्वांत ठळकपणे बदलते ते गर्भाशयमुखाच्या तपासणीत. इंग्लंडमध्ये २५ ते ६४ वयाच्या स्त्रियांना या तपासणीचे, म्हणजे स्मिअर टेस्टचे, ठरावीक अंतराने आमंत्रण येते. या कर्करोगाला कारणीभूत असणारा एचपीव्ही विषाणू जननेंद्रियांच्या त्वचेच्या संपर्कातून पसरतो आणि त्यासाठी जोडीदार पुरुषच असावा लागत नाही. तरीही स्त्रियांशी नाते असलेल्या स्त्रियांना ही तपासणी लागत नाही, असा समज इथे फार काळ पसरलेला होता, आणि खेदाची गोष्ट अशी की तो कित्येकींना आरोग्यसेवेतल्या माणसांनीच सांगितलेला होता. चाळिशीतल्या एका बाईंना आमंत्रणे येत राहिली आणि त्या आल्या नाहीत. श्वसनाच्या त्रासासाठी त्या माझ्याकडे आल्या असताना मी नोंदीतली रिकामी जागा पाहून प्रश्न विचारला, त्यांनी शांतपणे उत्तर दिले, आणि मग त्या म्हणाल्या की तरुणपणी एका दवाखान्यात त्यांना ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे सांगून परत पाठवले होते, त्यानंतर त्यांनी तो विषयच मनातून काढून टाकला होता. दर वेळी गर्भनिरोधक कोणते वापरता हे विचारले जाते आणि ‘वापरत नाही’ म्हटले की पुढचा प्रश्न गरोदर तर नाही ना हा असतो; प्रत्येक भेटीत आपले घर नव्याने समजावून सांगण्याचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात झाली. निष्कर्ष काय निघाला हे सांगण्याचे कारण नाही. ती तपासणी त्यांच्या हक्काची होती आणि एका चुकीच्या वाक्यापायी ती अनेक वर्षे राहून गेली होती, एवढेच मला सांगायचे आहे.

पुरुषांच्या बाबतीतही असेच एक ठोस कारण आहे. पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांना वयाच्या ४५ पर्यंत एचपीव्हीची लस इंग्लंडमधल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत एप्रिल २०१८ पासून विनामूल्य मिळू लागली. परंतु ज्याला ती मिळू शकते हे ठाऊकच नाही तो तिथे जाणार नाही, आणि तो कोण हे आम्हाला ठाऊक नसेल तर आम्ही त्याला सांगणार नाही.

वयस्कर रुग्णांविषयी सहकाऱ्यांना जी भीती वाटत होती तिच्यात तथ्य होते, पण ती दुसऱ्याच कारणाने. या देशात १९६७ पर्यंत दोन पुरुषांमधले शरीरसंबंध गुन्हा होते, आणि त्या वर्षीच्या कायद्यानेही इंग्लंड व वेल्समध्ये फक्त २१ वर्षांवरील दोघांना आणि तेही खाजगीत अशी मर्यादित सूट दिली. मँचेस्टर विद्यापीठात काम करणाऱ्या अ‍ॅलन ट्युरिंग यांच्यासारख्या थोर गणितज्ञाला १९५२ साली तुरुंग टाळण्यासाठी संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले, ही गोष्ट आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना इतिहासाच्या पुस्तकातून कळलेली नाही. नंतरच्या दशकांतही काही रुग्णालयांत विजेचे झटके देऊन माणसाचा कल बदलण्याचे प्रयोग झाले. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले ते १९९० साली. हे सारे पाहिलेल्या माणसाला दवाखान्यातली बाई सहज स्वरात हा प्रश्न विचारते तेव्हा त्याला आधी धास्ती वाटणारच.

मधुमेहाची पायांची तपासणी करून घ्यायला येणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी पहिल्यांदा ‘सांगायचे नाही’ या पर्यायावर बोट ठेवले. मी तसे नोंदवले आणि पुढे काही बोलले नाही. पुढच्या तपासणीत त्यांनी आपण होऊन विचारले की तो कागद अजून आहे का, आणि असेल तर उत्तर बदलता येईल का. त्यांच्या नोंदीत ‘शेजारी’ म्हणून ज्यांचे नाव होते ते त्यांच्याबरोबर एकाच घरात अनेक दशके राहत होते, आणि आता दृष्टी अधू झालेल्या या गृहस्थांना औषधे तेच देत होते, इन्सुलिनही तेच टोचत होते. उत्तर बदलल्यावर आम्ही त्या जोडीदाराचे नाव शुश्रूषा करणारी व्यक्ती म्हणून नोंदवले, संपर्काच्या व्यक्तीचे नाते दुरुस्त केले, आणि अशा व्यक्तींना फ्लूची लस विनामूल्य मिळते म्हणून तीही दिली. इथे जवळची व्यक्ती कोण हे रुग्णच ठरवू शकतो, त्यासाठी लग्नाचा दाखला लागत नाही; तरीही त्यांना हे कोणी कधी विचारले नव्हते.

माझ्यासाठी सर्वांत अवघड ठरले ते आपल्याच माणसांना विचारणे. नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेला एक तरुण नोंदणीनंतरच्या तपासणीला आला. माझे आडनाव वाचून तो आधी खुलला आणि मग गप्प झाला. कागदावरचा तो रकाना त्याने कोरा सोडला होता. मी नेहमीच्या शब्दांत प्रश्न विचारला तेव्हा त्याने उत्तराऐवजी विचारले, “ताई, तुम्ही महाराष्ट्र मंडळात जाता का?” मी म्हटले, “हो, जाते. पण इथलं इथंच राहतं. तुम्ही नाही सांगितलंत तरी तुमच्या उपचारात काही कमी होणार नाही.” मी त्याला हेही समजावले की नर्सिंग कौन्सिलची आचारसंहिता मला बांधील ठेवते, संगणकावर कोणी कोणाची नोंद उघडली याची खूण राहते, आणि त्याला माझ्याऐवजी दुसऱ्या नर्सकडे जायचे असेल तर तशी व्यवस्था करता येते. त्याने दुसरी नर्स मागितली, आणि मला ते योग्य वाटले. इंग्रज नर्सच्या दृष्टीने तो एक अनोळखी रुग्ण होता. माझ्याकडून मात्र त्याच्या गावापर्यंत दोन ओळखींत पोहोचता येत होते. परदेशात आपली भाषा बोलणारी नर्स भेटणे हा नेहमीच दिलासा असतो असे आपण समजतो, पण या एका बाबतीत तोच धोका ठरू शकतो, हे आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नव्हते. आता ते आम्ही नव्या नर्सना सांगतो.

त्याच अनुभवावरून आम्ही दुभाष्याचा नियमही कडक केला. सासूबाईंबरोबर आलेली सून, आईबरोबर आलेला मुलगा, असे कोणी दुभाष्याचे काम करत असेल तर हा प्रश्न त्या भेटीत विचारायचाच नाही; फोनवरचा व्यावसायिक दुभाषी मिळेपर्यंत रकाना ‘विचारलेले नाही’ असाच राहतो. नोंदी कोणाच्या नजरेस पडतात हा प्रश्न तर अधिकच गंभीर झाला आहे, कारण आता रुग्णांना आपली नोंद एनएचएसच्या मोबाइल ॲपवर पाहता येते. ते चांगलेच आहे, परंतु ज्या घरात मुलीचा फोन भाऊ तपासतो तिथे तीच सोय घातक होते. म्हणून ही नोंद ॲपवर दिसावी की नाही हे आम्ही रुग्णाला विचारतो, आणि तज्ज्ञाकडे पाठवण्याच्या पत्रात ती आपोआप जात नाही ना हे पाहतो. ज्या दवाखान्याला एवढे सांभाळता येत नाही त्याने विचारण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांना विचारण्याने काय साधते याचे सर्वांत चांगले उदाहरण मला रक्तदानात दिसले. पूर्वी इथे पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांना त्या एका कारणावरून काही काळ, आणि त्याही आधी कायमचे, रक्तदानातून वगळले जात असे. १४ जून २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक दात्याला अलीकडच्या लैंगिक वर्तनाविषयी तेच प्रश्न विचारले जातात आणि निर्णय त्या व्यक्तीच्या जोखमीवर होतो. भारतात २०१७ च्या रक्तदात्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुरुषांशी संबंध असणारे पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती यांना सरसकट वगळलेले आहे, आणि त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

सुट्टीवर भारतात गेले असताना माझ्याबरोबर शिकलेल्या आणि आता नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवणाऱ्या मैत्रिणीशी मी यावर खूप बोलले. कायद्याची पार्श्वभूमी तिथेही बदलली आहे: ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लैंगिक कलावरून भेदभाव करू देत नाही, आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरी मैत्रिणीचे म्हणणे मला पटले की जिथे बाह्यरुग्ण विभागात एका टेबलाभोवती चार रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उभे असतात, तिथे असा रकाना छापण्याआधी दरवाजा लावता येईल अशी खोली हवी. तिने विद्यार्थिनींना शिकवायला सुरुवात केली आहे ती एवढ्यापुरती की अविवाहित बाईला किंवा पुरुषाला ‘घरी तुमची काळजी कोण घेतं?’ असे विचारावे आणि जे नाव मिळेल ते जसेच्या तसे लिहावे.

आमच्या दवाखान्यात अजून बऱ्याच जुन्या रुग्णांच्या नोंदी रिकाम्या आहेत. लिंगभाव ओळखीचा, म्हणजे माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो याचा, प्रश्न या मानकात नाही. तो वेगळा विचारावा लागतो आणि त्याची पद्धत आम्ही अजून बसवतो आहोत. स्मिअर तपासणीसाठी आम्ही जे स्मरणपत्र पाठवतो त्यात मात्र गेल्या काही काळापासून एक वाक्य वाढले आहे: तुमचा जोडीदार पुरुष असो वा स्त्री, ही तपासणी तुमच्यासाठी आहे. हे वाक्य फक्त समलिंगी म्हणून नोंद असलेल्या स्त्रियांच्या पत्रात घालावे अशी सूचना आली होती, पण ते आम्ही सर्वच स्त्रियांच्या पत्रात घातले, कारण निवडक घरी गेलेले पत्र दुसऱ्या कोणी उघडले तर नोंदीची गुप्तता तिथेच संपते.